उभ्यानं थापलेली भाकरी

शालनबाईची चप्पल निसटली ती दापोडीच्या बाजारातून घरी येताना, आणि तिला ते कळलं मोरीत पाय धुवायला उभी राहिली तेव्हा. डाव्या पायात चप्पल होती. उजवा पाय अनवाणी, टाच चिखलानं भरलेली, अंगठ्याला कशानं तरी कापलेलं. रक्त येत होतं आणि दुखत मात्र काही नव्हतं. तिनं चपलेला शिव्या घातल्या, ती शिवणाऱ्याला घातल्या, आणि आल्या वाटेनं परत शोधायला निघाली. चप्पल रेल्वेच्या फाटकापाशी पडलेली होती. म्हणजे निम्मी वाट ती एका पायात चप्पल घालून चालत आली होती आणि तिच्या पायानं तिला काही सांगितलं नव्हतं.

हे पंचावन्न साल, आषाढाचा महिना. शालनबाई मूळची बार्शीकडची. नवरा दौलतराव गाड्यांच्या सांगाड्यांवर पत्रे चढवणाऱ्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागला, तिला घेऊन इकडं आला, आणि तीन वर्षांत विषमज्वरानं गेला. दीर सोपानराव तिला न्यायला आला होता. गोठ्यालगतची खोली देतो, घरात दोन बायकांचं काम आहे, खाऊनपिऊन राहा, असं म्हणाला. ते दोन बायकांचं काम कुणी करायचं हे तिला न विचारता समजलं. ती गेली नाही. दौलतरावाच्या बरोबरीचे चौघे जण एकटे राहायचे आणि हात भाजून घेत कच्चापक्का भात शिजवायचे. त्यांना तिनं भाकरी करून घालायला सुरुवात केली. चौघांचे दहा झाले, दहाचे तीस. रुळांकडच्या गल्लीत, चांदभाईच्या सायकल दुकानाला लागून तिच्या दोन खोल्या होत्या. पुढं पंगत, मागं चूल. खानावळीला पाटी नव्हती आणि तिला कधी पाटीची गरजही पडली नाही.

चप्पल गेली त्या दिवसापासून तिचं पायाकडं लक्ष लागलं, आणि लक्ष लागलं की माणसाला नको नको ते दिसायला लागतं. चुलीपुढून उठताना उजव्या पायाला मुंग्या यायच्या हे जुनंच होतं. त्या कुणाला येत नाहीत? पण आता मुंग्या जात नव्हत्या. पोटरीच्या बाहेरच्या अंगाला ठणका, त्याच्या खाली पावलावर बधिरपणा, आणि चालताना बोटं जमिनीवर घासायची. पाऊल वर उचलायचं म्हटलं तर उचलत नव्हतं. उंबऱ्याला रोज ठेच लागायची. एकदा आमटीचं भगुणं घेऊन पंगतीत शिरताना ती अशी अडखळली की पुढच्या दोघांनी भगुणं धरलं म्हणून निभावलं.

आता औषधांचं ऐका. गल्लीत ज्याला दोन पाय होते तो प्रत्येक जण पायावरचा वैद्य निघाला. शेजारच्या सुभद्राबाई म्हणाल्या, वात आहे, लसूण तेलात कढवून चोळ. चोळलं. निर्गुडीच्या पाल्याचा शेक दे म्हणाल्या. दिला. उतार पडेना तेव्हा बिब्बा घालू म्हणाल्या, आणि घातलाच. बिब्ब्यानं एरवी माणूस किंचाळतो. शालनबाई शांतपणे बसून राहिली, आणि सुभद्राबाईंना वाटलं आपला हात हलका. दुसऱ्या दिवशी पावलावर रुपयाएवढा फोड आला आणि तो भरून यायला महिना गेला. काळेवाडीच्या वैदूनं तुंबडी लावून काळं रक्त काढलं आणि ते तिला दाखवून, हेच ते, असं सांगितलं. रक्त काढल्यावर काळंच दिसतं, पण हे तिला तेव्हा कोण सांगणार? बाजारातल्या डॉक्टरानं ताकदीची इंजेक्शनं दिली. ती लाल होती आणि दुखायची मात्र मस्त. थेरगावचा भिमाजी हाडवैद्य म्हणाला, शीर चढली आहे. त्यानं गुडघ्याच्या खाली, बरोबर चार बोटं सोडून, सुती पट्टा करकचून बांधला आणि बजावलं, की पट्टा सैल पडला तर गुण येणार नाही. शालनबाई आज्ञाधारक बाई. ती रोज सकाळी पट्टा आणखी एक बोट आवळायची आणि मग चुलीपुढं बसायची.

यांपैकी एकानंही तिला विचारलं नाही की बाई, तू दिवसभर करतेस काय. सगळ्यांना पाय दिसत होता. पायाच्या वरची बाई कुणाला दिसली असेल तर शपथ.

पंगतीत सगळ्यांत वडीलधारे होते उद्धवराव. जुन्नरकडचे, कारखान्यातले जुने फिटर, दौलतरावाला कामाला लावून घेणारे तेच. ते तिला वहिनी म्हणायचे, ती त्यांना भावजी. पंगतीत त्यांचा शब्द चालायचा. आमटीत मीठ जास्त झालं आणि उद्धवराव काही बोलले नाहीत तर बाकीचेही मुकाट्यानं जेवायचे. गणपतीच्या आधी एके दिवशी त्यांनी तिला पाय ओढताना पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं. आणि तिनं, भोळीनं, सगळ्या पंगतीसमोर सांगितलं, की भावजी, चिमटा काढला तरी कळत न्हाई बघा. दाखवायचं म्हणून तिनं चिमटा काढलाही. उद्धवरावांचा घास हातात राहिला. त्यांचा चेहरा उतरला ते तिनं पाहिलं, आणि तिला बरं वाटलं, की कुणाला तरी आपली काळजी आहे.

दुसऱ्या दिवशी उद्धवराव आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पोट बरं नाही असा निरोप आला. मग पंगतीतला ज्योतीराम म्हणाला, गावाहून कुटुंब आलंय, आता घरीच जेवेन. एकाला अचानक डॉक्टरानं ज्वारी बंद केली. एकानं सांगितलं पिंपरीला खोली बदलतोय, आणि आठ दिवसांनी तोच तिला फाटकापाशी दिसला, तिला पाहून वाट बदलून गेला. दसऱ्यापर्यंत तिसाचे बारा राहिले. शालनबाईला वाटलं आपल्या हाताची चव गेली. वेडीनं मसाला बदलला, ज्वारी बदलली, आमटीत खोबरं वाढवलं. माणसं येईनात.

खरं काय ते चांदभाईच्या बायकोनं सांगितलं. फरीदा तोंडाची फटकळ, पण तिलाही ते बोलताना जड गेलं. कारखान्यात बोलतात, म्हणाली, की शालनबाईला महारोग आहे. पाय बधिर झाला, चिमटा कळत नाही, म्हणजे दुसरं काय. अशा बाईच्या हातची भाकरी कोण खाणार?

शालनबाई त्या दिवशी चुलीपुढं बसून राहिली आणि तिच्यानं काही थापवेना. तिला रडू आलं नाही, राग आला. एवढी बारा तोंडं रोज तिच्यासमोर उघडत होती, गेलेली अठरा उघडून गेली होती, आणि त्यांतल्या एकाला हे तिच्या तोंडावर बोलता आलं नाही! पोट बरं नाही म्हणे. कुटुंब आलं म्हणे. आणि त्या रागाच्या खाली भीती होती, ती अशी, की लोक म्हणतात ते खरं असलं तर? तिनं दार लावून घेतलं आणि अंगावर कुठं चट्टा आहे का ते पाहिलं. पाठ दिसेना म्हणून फरीदाला बोलावलं. फरीदानं पाहिलं, काही नाही म्हणाली. पण फरीदा काय डॉक्टर होती?

ही बातमी बार्शीपर्यंत कशी गेली देव जाणे. सोपानरावाचं पत्र आलं, आणि या वेळी गोठ्यालगतची खोलीही देऊ केलेली नव्हती. शेतावर झोपडी बांधून देतो, तिथं वेगळी राहा, भांडी वेगळी ठेव, जगात तोंड दाखवत फिरू नको, असं लिहिलं होतं. म्हणजे आधी गोठ्याशेजारी होती ती आता गोठ्यापलीकडं गेली. तिनं पत्र चुलीत घातलं. खानावळ मोडली तर आपल्याला जायला जागा ती एवढीच, हे मात्र तिच्या डोक्यातून जाईना.

मार्गशीर्षात चांदभाईनं तिला पुण्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. सकाळी सातला गेले, नंबर लागला एकला. डॉक्टर मध्यमवयाचे, चिडके, दोन वाक्यांत तीनदा घड्याळ बघणारे. त्यांनी तिला झोपवून पाय सरळ वर उचलून पाहिला, कंबरेपासून कळ येते का विचारलं. नव्हती येत. मणके दाबून पाहिले. लघवीत साखर आहे का ते पाहायला पाठवलं. कानामागं, कोपराशी शिरा चाचपल्या, सगळ्या अंगावर चट्टे शोधले, कापूस आणि टाचणी लावून कुठं कळतं, कुठं नाही, याच्या शाईनं रेघा ओढल्या. पट्टा पाहिल्यावर त्यांनी विचारलं, हा कुणाचा उद्योग? आणि उत्तराची वाट न बघता कात्रीनं कापून टाकला. पट्ट्याखाली, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, एक काळा, जाड घट्टा होता.

"हा कशाचा?"

"बसण्याचा," ती म्हणाली. "आमच्याकडं समद्या बायकांना असतो."

"कसं बसता? बसून दाखवा."

ती गोंधळली. मोठ्या इस्पितळाच्या फरशीवर, चांदभाईसमोर, काठवट नसताना भाकरी थापायला बसायचं म्हणजे काय? पण बसली. उजवा पाय दुमडून खाली, डावा गुडघा उभा, अंगाचा भार उजवीकडं. पाटाची कड लागते तिथं तिनं हात ठेवून दाखवली. डॉक्टरांनी विचारलं किती वेळ. सकाळी चार तास, संध्याकाळी तीन. किती वर्षं? चार. मग ते पहिल्यांदाच घड्याळाकडं न बघता बोलले. गुडघ्याच्या बाहेर जो हाडाचा गोळा लागतो ना, त्याच्या मागून एक शीर कातडीलगत पायात उतरते. पाऊल वर उचलायचं काम तिचं, पावलाच्या वरच्या कातडीला कळवायचं कामही तिचं. तुम्ही रोज सात तास त्या शिरेवर बसता आणि उरलेला वेळ तीच शीर पट्ट्यानं आवळता. ती बिचारी करणार काय? पाय बधिर होण्याला पन्नास कारणं असतात, म्हणाले. मणका सरकतो, साखर असते, खाण्यात सत्त्व नसतं, महारोगही असतो. तुमचं यांतलं काही नाही. शेक देऊ नका, बधिर पाय भाजला तरी कळत नाही. पाऊल हातानं रोज वरखाली करा, चपलेला मागून पट्टी शिवून घ्या, आणि आजपासून तसं बसायचं नाही. शीर हळूहळू जागी होईल. कदाचित पूर्ण होणार नाही.

पाच महिने! तेल, पाला, बिब्बा, तुंबडी, सुया, पट्टा; आणि उत्तर काय, तर बसू नका. शालनबाईला आनंद व्हायला हवा होता. तिला त्या डॉक्टरालाच दोन शब्द ऐकवावेसे वाटले. तिनं ते गिळले आणि एकच गोष्ट मागितली. मला महारोग नाही हे मराठीतून लिहून द्या, शिक्का मारून द्या. डॉक्टर म्हणाले अशी काही पद्धत नाही. ती दारातून हलेना. शेवटी मागचा पेशंट ओरडायला लागला तेव्हा त्यांनी लिहून दिलं.

इथं तिनं एक चूक केली. तो कागद तिनं चांदभाईकडून काचेच्या चौकटीत बसवून घेतला आणि खानावळीच्या दाराबाहेर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा टांगला. 'श्रीमती शालनबाई यांस महारोग नाही.' खाली सही, खाली शिक्का. तिला वाटलं आता दसऱ्यापर्यंत गेलेले सगळे परत येतील. चार दिवसांनी दोन नवी माणसं आली. बोलण्यावरून कोकणातली, पिंपरीकडच्या बांधकामावरची, भुकेली. दारात थांबून त्यांनी कागद वाचला. एकमेकांकडं पाहिलं. आणि आतून भाकरीचा खरपूस वास येत असताना ती दोघं तशीच निघून गेली. शालनबाई आतून पाहत होती. त्या बिचाऱ्यांच्या मनात महारोग नव्हताच, तो तिनंच काचेत घालून त्यांना दाखवला होता. तिनं चौकट उतरवली आणि धान्याच्या डब्यामागं ठेवून दिली. बाराचे तोवर पाच उरले होते.

राहता राहिलं बसणं. आता बसायचं नाही म्हणजे काय करायचं, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. फरीदा म्हणाली, चूल वर घे, उभी राहून कर. हे ऐकून सुभद्राबाईंनी कानांवर हात ठेवले. उभ्यानं कुणी भाकरी थापतं? अन्न शिजवायचं ते बसून, चुलीला मान देऊन. उभ्यानं शिजवलं की घराची बरकत उभ्या उभ्या निघून जाते, असं त्यांच्या सासूनं सांगितलं होतं, आणि शालनबाईच्या सासूनंही तेच सांगितलं होतं. शालनबाईला ते मनातून पटत होतं, हीच तर पंचाईत होती. आठ दिवस ती पाट बदलून, पोतं घालून, डावा पाय खाली घेऊन बसून पाहत होती. डाव्या पायालाही मुंग्या यायला लागल्या तेव्हा ती घाबरली. घराची कसली बरकत आणि कसलं काय, पंगतीत पाच माणसं उरलीत, असं स्वतःशीच म्हणत तिनं विटा आणवल्या.

कंबरेएवढा ओटा झाला, त्यावर चूल मांडली, काठवटीला शेजारी लाकडी खोका. आणि हातांनी संप केला. तीस वर्षं बसून थापणारे हात उभ्यानं थापेनात. भाकरी एका बाजूला जाड, दुसरीकडं फाटकी. तव्यावर टाकताना दुमडायची, फुगायचं नाव नाही. बसल्या जागी जी भाकरी ती डोळे मिटून करायची, तिच्यासाठी आता तोंडातून शिव्या यायला लागल्या. पंगतीतले पाच जण फाटक्या भाकऱ्या मुकाट्यानं खात होते, आणि त्यांचं ते मुकाट्यानं खाणं तिला जास्तच झोंबायचं. संध्याकाळी पाय सुजायचे. सुभद्राबाई दारातून डोकावून, काय, कशा चालल्यात भाकऱ्या, असं काळजीनं विचारून जायच्या. शालनबाईनं दोनदा तो ओटा मोडायला कुदळ मागितली, आणि दोन्ही वेळा चांदभाईनं कुदळ सापडत नाही म्हणून सांगितलं.

महिन्याभरानं भाकरी जमली. माघात पावलावर पहिल्यांदा झिणझिण्या आल्या, शिमग्याला अंगठा हलला. चैत्रात ती उंबऱ्याला न अडखळता बाहेर गेली. करंगळीकडची बाजू मुकीच राहिली, पण पाऊल उचलायला लागलं. पाय आला. माणसं नाही आली! हेच तिला सहन होईना. रोग नव्हता तेव्हा तो सगळ्यांना दिसला, आणि बरं झालेलं एकालाही दिसत नव्हतं. ती मुद्दाम शिफ्ट सुटायच्या वेळी रस्त्यावरून दोन खेपा घालायची, सरळ, ताठ. माणसं सायकलींवरून खाली मान घालून जायची.

आणि वैशाखात एके दुपारी उद्धवराव आले. एकटे नाहीत, कारखान्यातली सहा माणसं मागं होती, ज्योतीराम त्यांतच. पंगतीत पाच जण जेवत होते. उद्धवराव आत आले तेव्हा तिनं पाहिलं, त्यांचा डावा पाय ओढत होता. उजवाही फार बरा नव्हता. ते वहिनी म्हणाले नाहीत. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की माझे पाय बधिर झालेत, कारखान्यात सगळ्यांनी पाहिलंय, आणि हे मला इथल्या अन्नातनं लागलंय. आता ग्रामपंचायतीत अर्ज देणार, सह्या झाल्यात. खानावळ बंद करा आणि आपल्या गावी जा.

शालनबाईच्या हातात थापलेली भाकरी होती. ती तिनं तव्यावर टाकली, कारण हातातली भाकरी वाट बघत नाही. तिला आठ महिने जे जे बोलायचं होतं ते सगळं घशाशी आलं. शेतावरची झोपडी डोळ्यांसमोर दिसली. आणि बोलली ती भलतंच.

"भावजी, कामाला कसं बसता तुमी?"

उद्धवरावांना कळेना. ज्योतीरामनंच सांगितलं, की गाडीच्या पोटाला खालचे पत्रे मारायचे असतात, रिबिट ठोकायचे असतात, तर उकिडवंच बसावं लागतं. सकाळी आठपासून.

"तसं बसून दाखवा."

ते नको म्हणाले. ती म्हणाली, सह्या केलेल्यांसमोर बसा, मग मी आज संध्याकाळी चूल विझवते. हे ऐकल्यावर त्यांना मागं फिरता येईना. ते भिंतीला धरून उकिडवे बसले, दोन्ही टाचांवर, गुडघे छातीशी. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, फुगवली, खाली उतरवली. दुसरी घेतली. तिसरी. पाच जेवणाऱ्यांचे हात ताटात थांबले होते. सहावी भाकरी उतरल्यावर तिनं पदराला हात पुसले.

"उठा आता."

उद्धवराव उठायला गेले आणि उठवेना. ज्योतीरामनं बगलेत हात घालून उभं केलं, तर पाऊल टेकत नव्हतं, पोतेऱ्यासारखं खाली लोंबत होतं. तिनं जवळ जाऊन त्यांच्या गुडघ्याच्या बाहेर, हाडाच्या गोळ्यामागं बोट दाबलं, आणि खाली पोटरीवरून पावलापर्यंत ओढत नेलं. इथून इथपर्यंत ना? त्यांनी मान हलवली. अगदी तेवढंच. तिनं डॉक्टरांनी सांगितलं होतं ते सगळं सांगितलं, शीर कुठून जाते, बसल्यावर कशी दबते, आणि अंगावर चट्टे नसताना, कानामागच्या शिरा जाड नसताना, एवढ्याच जागी बधिर असेल तर कशाचं असतं. मग तिनं विचारलं.

"कवापासनं हाय हे?"

उद्धवराव खाली बघत होते. "शिमग्यापासनं."

"अवंदाच्या?"

"न्हाई. मागल्या."

शालनबाईनं मनातल्या मनात महिने मोजले. तिची चप्पल पडली होती आषाढात. म्हणजे तिच्या आधी चार महिने या माणसाला हे होतं. पंगतीत तिनं चिमटा काढून दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता तो तिच्या काळजीनं नव्हे. ते स्वतःचा पाय लपवून बसले होते, आणि महारोग हा शब्द त्यांच्या मनात आधीपासूनच होता. कुणाला तरी तो चिकटायचा होता. तिला चिकटला, आणि त्यांनी चिकटू दिला. वर्षभर ते झोपेत, जागेपणी त्याच भीतीत असणार, हेही तिला दिसलं, आणि ते दिसल्यामुळं तिला आणखीच संताप आला, कारण आता धड शिव्याही घालता येईनात.

मागची सहा माणसं उद्धवरावांकडं बघत होती. ज्योतीरामनं खिशातला सह्यांचा कागद काढला, त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली, त्याला त्याचं काय करावं ते कळेना.

"मग वहिनी, माझं… ते न्हाई ना?" उद्धवरावांनी विचारलं.

"मला काय इचारता? मी काय डॉक्टर हाय?" ती म्हणाली. "उद्या चांदभाईसंगं पुण्याला जावा. अंग दाखवा, खरं काय ते सांगा, न लपवता."

बाकीच्यांना ती म्हणाली, भाकरी निवते आहे, जेवायचं असेल त्यांनी बसा. ज्योतीराम आधी बसला. मग एकेक करून सगळे बसले, डोळे ताटात घालून. उद्धवरावही भिंतीला धरून मांडी घालायला खाली वाकले, तेव्हा ती जोरात ओरडली, की खाली बसू नका. चांदभाईच्या दुकानापुढं गिऱ्हाइकांसाठी लाकडी बाक होता, रस्त्याला तोंड करून. तिथं जाऊन पाय सोडून बसा, म्हणाली, ताट तिथंच आणते. ते गेले. तिनं ताट नेलं, आमटी वाढली, भाकरी वाढली आणि आत आली.

सकाळची शिफ्ट त्याच वेळी सुटली. फाटकाकडून सायकलींचा घोळका गल्लीत शिरला, आणि बाकापाशी येऊन एकेकानं ब्रेक लावला. भर रस्त्यात, पाय सोडून बसून, उद्धवराव शालनबाईची भाकरी खात होते.